शिंपीणबाईंच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, शिंपीणबाईंच्या गळ्यात दिवसभर लोंबणारी जुनी टेप ती मीच. कारखान्यातून आले तेव्हा पिवळीधमक होते. आता माझे सुरुवातीचे आकडे बोटांनी घासून पुसले गेले आहेत. पडद्याआड कितीतरी बायका हात वर करून माझ्यासमोर निवांत उभ्या राहिल्या, मापे देता देता सासूच्या कागाळ्या सांगून गेल्या. "बाईंचा हात हलका आहे," असे त्या म्हणत. त्या कौतुकात मीही माझा वाटा धरत असे.

काल मात्र माझा जीव टांगणीला लागला. बाईंना दवाखान्यात स्तनांच्या तपासणीला बोलावले होते, पहिल्यांदाच. सकाळपासून त्या कापड बेतत राहिल्या. वेळ टळून गेली तरी कात्री थांबेना. त्यांच्या मानेची शीर माझ्याखाली धडधडत होती.

संध्याकाळी थोरली नणंद आली. नंबर तिनेच लावला होता.

"गेली नाहीस ना?"

"गिऱ्हाईक होतं, ताई."

"यम आला तरी त्याला म्हणशील, थांबा, काजं करायची राहिलीत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बोटाभोवती इतके घट्ट गुंडाळले की बोट पांढरे पडले. ते पाहून ताईंचा आवाज खाली आला.

"बरं, नाही रागावत. कशानं अडलं, ते तरी सांग."

"आत पुरुष असला तर?"

"बाईच असते गं. नसली तर आपण मागू."

"कुणी सांगितलंच नाही मला. विचारायचीही चोरी. म्हणतील, जगाची मापं घेते नि स्वतः लाजते. आणि दाबतात म्हणे?"

"दाबतात, क्षणभर. माझ्या वेळी मी त्या तपासणीच्या यंत्राला मनातल्या मनात चांगल्या दोन शिव्या घातल्या."

"काही निघालं तर?"

"आपण पाहिलं नाही, म्हणून असलेलं जातं का कुठं? मी येते ना सोबत."

आज सकाळी ताईंनी फोन करून नवी वेळ मागून घेतली. बाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. परत आल्या. मला वाटले, पुन्हा कात्री हातात घेणार. पण त्यांनी मला गळ्यातून काढून मशीनवर ठेवले आणि ताईंचा हात धरून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशी वेळ चुकवली, तर आधी बोल लावू नका. जवळ बसून विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तरी उठू नका.