पट्ट्याची खांदेमळणी

मित्रांनो, पट्टा म्हटलं की तुम्हाला कमरेचा आठवेल, नाहीतर गळ्यात पट्टा घालून ऐटीत फिरणारा शेजारचा कुत्रा आठवेल. मी त्यातला नाही. मी एक जुना रबरी पट्टा आहे. हातभर रुंद, बोटभर जाड, काळा, आणि देखणा तर मुळीच नाही. सध्या माझा मुक्काम मुळशी धरणाच्या काठावर, पाण्यात आणि चिखलात चालणाऱ्या एका आठचाकी गाडीच्या डाव्या अंगाला आहे. उजव्या अंगाला माझा भाऊ आहे. भाऊ म्हणजे माझाच कापलेला अर्धा तुकडा. आमच्यात असंच असतं.

जन्म कारखान्यातला. कापडाचे आणि रबराचे थर एकावर एक ठेवून, तापवून, दाबून मला केलं म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवते ती खडी. सूसच्या बाजूला डोंगर फोडून खडी करायचा एक क्रशर होता, तिथं मी रात्रंदिवस खडी वाहत असे. त्या खडीच्या इमारती उभ्या राहिल्या, इमारतींना गॅलऱ्या आल्या, गॅलऱ्यांत झोपाळे आले, आणि मग झोपाळ्यावरच्या माणसांनी तक्रार केली की क्रशरची धूळ फार येते. क्रशर बंद झाला. मी रागावलो नाही. धूळ खरंच फार होती.

त्यानंतर दोन वर्षं मी भिंतीकडेला गुंडाळून पडलो होतो. माझ्या उबेला एका कुत्रीनं चार पिल्लं वाढवली. तेवढीच काय ती त्या दिवसांतली समाजसेवा.

मला तिथून उचललं नबीलालनं. पौडला त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, आणि भाताच्या गिरणीचे तुटलेले पट्टे जोडून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. नव्हतं, म्हणायला हवं, कारण आता त्याची मुलगी निलोफर त्याच्या पुढे गेली आहे. तिचे हात वडलांचे आहेत आणि डोकं स्वतःचं. नबीलाल माझ्यावर थाप मारून म्हणाला, "गोठ्यात अंथरायला बरा हाय." निलोफर म्हणाली, "अब्बा, ह्याच्या अंगात अजून दहा वर्षं आहेत. गोठ्यात कशाला?" मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याविषयी बरं बोललं. ते मी विसरलेलो नाही.

त्याच सुमाराला मनीष नावाचे एक पुणेकर गृहस्थ तिच्याकडे आले. मुळशीला त्यांचं रिसॉर्ट आहे. पाहुण्यांना चिखलातून आणि पाण्यातून फिरवून आणायला त्यांनी ती आठचाकी गाडी परदेशातून आणली होती. चिखलात शिरली की खूश, पाण्यात शिरली की त्याहून खूश, आणि बाहेर यायचं म्हटलं की नाखूश, म्हणून गावानं तिचं नाव 'म्हस' ठेवलं. पण नुसत्या चाकांवर ती भातखाचरात घसरायची आणि पाण्यात रांगायची. चाकांवरून चढवायचे तिचे मूळचे पट्टे पहिल्याच वर्षी कातळावर फाटले, आणि नवे यायला अर्धं वर्ष लागणार होतं. "तुम्हाला जमेल का हो?" मनीषनी विचारलं. नबीलाल "न्हाई" म्हणायला तोंड उघडतोय तोवर निलोफर "हो" म्हणून बसली होती.

तिनं सुतळीनं चाकं मोजली. मला मधून कापून दोन भाग केले. माझ्यावर आडव्या पट्ट्या बोल्टनं आवळल्या आणि प्रत्येकीवर दोन उभे अडसर बसवले, चाक त्यांच्यामध्ये राहावं, पट्ट्यावरून निसटू नये म्हणून. आडव्या पट्ट्या चिखलात नखांसारख्या रुततात आणि पाण्यात वल्ह्यासारख्या पाणी मागं सारतात. पहिल्यांदा तिनं त्या लोखंडाच्या केल्या, तर म्हशीचं ढुंगण पाण्यात बुडायला लागलं. मग सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या केल्या. माझी दोन टोकं बिजागरीसारखी एकमेकांत घालून त्यातून एक लांब सळई सारली, आणि मी गोल झालो. जो आयुष्यभर दुसऱ्याची खडी वाहत होता, तो आता स्वतः चालणार होता.

म्हस चालवायचं आणि सांभाळायचं काम भिवाजीकडे होतं. भिवाजी साठी ओलांडलेला, गावचाच. दोन वर्षांमागं त्याची बैलजोडी म्हातारी होऊन गेली. नवी जोडी घ्यायला मन झालं नाही, म्हणून तो इथं लागला. निलोफरनं त्याला माझी निगा शिकवली. "बाबा, पट्टा आणि चाकाच्या मधे दोन बोटं जायला हवीत. एक नाही, तीन नाही, दोन. आठही चाकांत हवा सारखी ठेवायची. फेरी झाली की साध्या पाण्यानं धुवायचं, दगड अडकले असले तर काढायचे. बस, एवढंच."

"एवढंच?" भिवाजी म्हणाला. "बैलाला तर ह्याच्या दुप्पट करावं लागतं."

काय करायचं ते तिनं सगळं सांगितलं. काय करायचं नाही, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

भिवाजीनं पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. मी डावा, म्हणून 'सरदार', आणि माझा भाऊ 'बाण्या'. ही त्याच्या बैलांची नावं, आणि सरदार डावीकडे जुंपलेला असायचा. तो रोज सकाळी खुरपं घेऊन बसायचा आणि बैलाच्या खुरातले काढावेत तसे माझ्यातले दगड काढायचा. सरदार बैल त्याचा लाडका असावा, कारण माझ्यापाशी तो बाण्यापेक्षा दुप्पट वेळ बसायचा.

भादवी पोळ्याचा आदला दिवस आला. आमच्या मावळात त्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून दुखावलेला खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद-तुपानं चोळायचा. भिवाजीच्या गोठ्यात खांदा नव्हता. त्यानं गॅरेजातून इंजिनाच्या जुन्या तेलाचा डबा उचलला आणि माझ्यापाशी येऊन बसला. "तूप बैलाला, तेल मशिनीला," स्वतःशीच म्हणाला, आणि दोन्ही हातांनी मला चोळायला लागला. मग माझ्या कानाशी आल्यासारखा वाकून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आयुष्यभर अंगावर खडी पडली होती. मायेचा तळहात पहिल्यांदाच पडला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सारजाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आली, आणि गेरूनं रंगवलेली म्हस बघून दारातच थबकली.

"अवं, ही म्हस दूध देती का?"

"न्हाई."

"गाभण ऱ्हाती का?"

"न्हाई."

"मंग हिला पोळी कशापायी? आनि पोळा बैलाचा का म्हशीचा, ते तरी एकदा ठरवा." असं म्हणून तिनं पोळीचा तुकडा मोडून म्हशीपुढं ठेवला, आणि उरलेली पोळी नवऱ्यापुढं.

माझी तुकतुकी भिवाजीला इतकी आवडली की तो दर सोमवारी तेल लावायला लागला. बाण्याला एक हात, मला दोन. महिन्याभरात माझ्या कडा भिजलेल्या पापडासारख्या वाकड्या झाल्या. अंग फुगलं, मऊ पडलं, बोल्टांची भोकं सैल झाली. भिवाजी ते बघून खूश! मला थोपटून म्हणाला, "सरदारानं अंग धरलंय." गुराढोरांत आयुष्य गेलेला माणूस तो. त्याच्या हिशेबी फुगला म्हणजे तब्येत सुधारली. दोन बोटांची ढील चार बोटं झाली, तेव्हा त्यानं डाव्या चाकांत जास्तीची हवा भरली. मला ओरडावंसं वाटे. पण पट्ट्याला तोंड नसतं.

दिवाळीच्या सुटीतला रविवार होता. सूसच्या सोसायटीतलं एक कुटुंब आलं होतं. आईवडील, आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची आरोही. त्यांच्या घराची खडी बहुधा मीच वाहिली असेन. म्हस पाण्यात शिरली, काठापासून बरीच आत गेली, आणि भिवाजीनं वळण घेतलं. त्याच वळणावर चाक अडसरावर चढलं, सळई वाकून निघाली, आणि मी चाकांवरून निसटलो. एका टोकाला लटकून पाण्यात लोंबायला लागलो. बाण्या आपला इमानानं फिरतच होता. एका बाजूचाच पट्टा चालला तर काय होणार? मळणीच्या खळ्यात तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरावा तशी म्हस जागच्या जागी गोल गोल फिरू लागली.

आरोही टाळ्या वाजवायला लागली. "बाबा, परत! परत!" तिचे बाबा मात्र पांढरे पडले होते. भिवाजीनं इंजिन बंद केलं, वल्हं काढलं आणि जराही न गडबडता सगळ्यांना काठावर आणलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण मनीषचा चेहरा मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी निलोफर स्कूटरवरून आली. मनीषनी तिला बसाही म्हटलं नाही.

"हे बघ निलोफर, गाडीत लहान मुलगी होती. पलीकडच्या दोन रिसॉर्टवाल्यांनी असेच पट्टे तुझ्याकडून करून घ्यायचं ठरवलंय ना? मी आत्ताच त्यांना कळवतो की हिच्याकडे काम देऊ नका. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो मला उद्यापासून या गेटच्या आत दिसणार नाही. तो कुणीही असो."

भिवाजी खांबाला टेकून उभा होता. निलोफर माझ्यापाशी उकिडवी बसली. अंगठ्यानं मला दाबलं. अंगठा रुतला. मग तिनं नाक माझ्याजवळ आणलं, वास घेतला, आणि हळूच मान वर केली. तिला आडव्या पट्ट्यांच्या फटींत उरलेला गेरू दिसला. कोपऱ्यातला डबा दिसला. भिवाजीच्या नखांतली काळी रेघ दिसली. पौडची पोर ती, पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"रबराला तेल लागलंय," ती म्हणाली. "तेलानं रबर फुगतं, सैल पडतं."

भिवाजीनं आपले हात पाठीमागं नेले. ते हात पाठीमागं का गेले, हे त्या अंगणात मला कळलं आणि तिला.

"तेल कुठून येणार?" मनीषनी विचारलं.

"इंजिनाचं गळलं असेल."

"गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय. थेंब गळत नाही. सरळ सांग ना, माल जुना होता, काम कच्चं झालं."

निलोफर गप्प राहिली. मित्रांनो, आयुष्यातलं पहिलं मोठं काम, पुढची दोन कामं, बापाच्या दुकानाचं नाव, सगळं त्या गप्प बसण्यात बुडत होतं, आणि ती ते बुडू देत होती. मनीषनी खिशातून फोन काढला.

"थांबा, सायेब." भिवाजीनं हात पुढं केले. दोन्ही, तळवे वर करून. "तेल म्या लावलं."

"तुम्ही? कशाला?"

"खांदेमळणी केली. सरदाराची." मग त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. "म्हंजी पट्ट्याची. वर्षभर राबतोय, मला वाटलं आंग दुखत आसंल. पोरीचं काम येक नंबर हाय. म्याच नासवलं. उद्यापासनं न्हाई येत."

निलोफर उठली. "सर, चूक माझीही आहे. काय करायचं ते मी बाबांना सांगितलं. तेल लावायचं नाही, हे नाही सांगितलं. मला वाटलं, ते कुणाला माहीत नसतं?"

"मला न्हवतं," भिवाजी म्हणाला. मनीष काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या हातातल्या फोनवर मेसेज आला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "कालचे पाहुणे. विचारताहेत, ती गोल-गोल फिरायची फेरी पुढच्या रविवारी पण असते का. मुलगी ऐकत नाहीये." मग भिवाजीकडे बघून म्हणाले, "काल तुम्ही त्यांना शांतपणे काठावर आणलंत, म्हणून तिला ती गंमत वाटली. नाहीतर... उद्या वेळेवर या, मामा. आणि तो डबा आधी बाहेर काढा."

त्या दोन रिसॉर्टवाल्यांना त्यांनी फोन केला तो आमच्यासमोरच. पट्टे निलोफरकडूनच करून घ्या, म्हणाले.

निलोफरनं मला साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतलं. फुगलेला भाग कापून काढला, तो माझा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. तिथं नवा तुकडा जोडला. बाण्याला फारसं काही झालं नव्हतं, कारण बाण्या लाडका नव्हता. हे मी अजूनही मनात घोळवत असतो. नवा तुकडा अजून जरा ताठ आहे, पण चिखलात रुळतो आहे. गॅरेजच्या भिंतीवर आता निलोफरच्या हातची पाटी आहे, 'पट्ट्याला फक्त पाणी', आणि तिच्याखाली भिवाजीनं खडूनं एक बैल काढला आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्या वस्तूंवर माया करा. धुवा, पुसा, अडकलेले दगड काढा. पण आपल्याला जे गोड लागतं तेच दुसऱ्याला मानवेल असं धरून चालू नका. बैलाची माया बैलाला, पट्ट्याची पट्ट्याला. ठाऊक नसेल तर विचारा. विचारण्यानं माया कमी होत नाही.

यंदाही भादवी पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भिवाजी आला. हातात पाण्याची कळशी होती. तेलाची वाटी सारजाबाईनं घरीच ठेवून घेतली होती, "आधी सोताचं गुडघं मळा" म्हणून. त्यानं मला साध्या पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, वाकून आवतण दिलं. मग माझ्याखाली दोन बोटं सरकवली आणि विचारलं, "बरं हाय न्हवं, सरदार?"

मला बोलता येत नाही. मी त्याला बरोबर दोन बोटं जागा दिली.