गाडीचं तोंड

"चावी द्या," विशाखा म्हणाली.

"कशाला? दुसरा दिवाही फोडायचा राहिलाय का?" इंद्रजीत ओट्यावर चहा पीत बसला होता. चावी कालपासून त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

"चालवायची नाहीये. आवाज ऐकायचाय."

पडेगावच्या त्यांच्या अंगणात गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. एक दिवा फुटलेला, दारावर लांबलचक ओरखडा. विशाखा फुलंब्रीला दवाखान्यात नर्स होती, रोज हीच गाडी घेऊन जायची. काल येताना पुढच्या ट्रकनं काचेवर चिखल उडवला. तिनं काचेवर पाणी उडवायचा दांडा ओढला, पण पाणी आलंच नाही. कोरडे वायपर काच शेणानं सारवावी तशी सारवत राहिले. पुलाचा कठडा तिला दिसला तो गाडी घासल्यावरच.

घरी आल्यावर 'लागलं का' असं नवऱ्यानं, इंद्रजीतनं, विचारलं नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तो ओरडला, "टाकीत पाणी भरायची अक्कल नाही अन् निघाली गाडी चालवायला! उद्यापासून बसनं जायचं."

रात्रपाळीच्या वेळेला कुठली बस? म्हणजे आधी रात्रपाळी जाणार आणि मागोमाग नोकरी. हे तिला कळत होतं. त्यालाही कळत होतं. टाकी तर तिनं स्वतःच्या हातानं भरली होती.

इंद्रजीतनं चावी फेकली. तिनं झेलली नाही. पडू दिली, मग उचलली.

"आई, जरा गाडीत बसता का? मी सांगेन तेव्हा दांडा ओढायचा."

दगडाबाई, तिच्या सासूबाई, पदराला हात पुसत आल्या. उंबऱ्याला करावा तसा गाडीला नमस्कार करून त्या जन्मात पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसल्या. विशाखानं चावी लावून फिरवली.

"ह्ये ओढू व्हय?"

"ओढा."

वायपर हलले. आतून गुंऽऽ असा आवाज आला, पाणी मात्र नाही.

"मोटर जाळलीस तू," ओट्यावरून आवाज आला.

"जळलेली मोटर बोलत नसते," ती मान वर न करता म्हणाली.

तिनं पाणी उडायच्या भोकांत सुई घालून पाहिली. मग नळी सोडवली. "ओढा." नळीतूनही थेंब नाही. म्हणजे पाणी टाकीतूनच निघत नव्हतं. तिनं हात खाली घातला आणि टाकीच्या बुडाशी बसवलेली ती छोटी मोटर उपसून काढली. लालसर पाणी भसकन अंगणात सांडलं. मोटरच्या जाळीला काळी पडलेली पानं शेवाळासारखी चिकटली होती.

इंद्रजीत खाली उतरला. "हे काय?"

"तुळस."

"अरे वा! म्हणजे तुझेच उपासतापास! आता गाडीतही—"

"म्याच टाकली," गाडीतून आवाज आला. दगडाबाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "एकादशीला पैठणचं तीर्थ उरलं व्हतं, कुंकवाचं. ही रोज लई लांब जाती. म्हनलं, गाडीलाबी पाजावं. ही तिथंच पाणी वतती, मला गाडीचं तोंड त्येच वाटलं."

इंद्रजीत हसला, अगदी मनापासून. "आई, तू पण ना! जाऊ दे. श्रद्धेनं टाकलंस."

विशाखानं मोटर त्याच्यासमोर धरली. "काल मला अक्कल नव्हती. आज तीच चूक श्रद्धा झाली?"

"आता आईवर ओरडतेस?"

"तुमच्यावर ओरडतेय!" मग ती गाडीकडं वळली. "आणि तुम्ही, आई? काल पाणी आलं नाही म्हणून मी ओरडून सांगत होते, तेव्हा तुम्ही तिथंच डाळ निवडत होतात. गाडीचं तोंड सापडलं तुम्हाला. तुमचं स्वतःचं कुठं होतं?"

दगडाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "भ्याले गं."

"कुणाला? पोटच्या पोराला?"

"आधी त्याच्या बापाला भ्याले. मंग सवयच पडली."

जुन्या ब्रशनं विशाखानं जाळी घासली, इतकी जोरात की ब्रशचे केस वाकले. टाकी खळबळून धुतली. पानं मात्र मोरीत टाकली नाहीत, वृंदावनाच्या मातीत नेऊन दाबली. राग होता तो तुळशीवर नव्हता. मोटर पुन्हा बसवली, नळी जोडली, नळाचं साधं पाणी भरलं.

"ओढा."

काचेवर दोन धारा उडाल्या. वायपर फिरले. कालचा चिखल ओघळून गेला आणि काचेमागं दगडाबाईंचा चेहरा स्वच्छ दिसू लागला.

"झालं ना मनासारखं?" इंद्रजीतनं दारापाशी जाऊन हात पुढं केला. "दे आई, चावी इकडं."

दगडाबाईंनी चावी काढली. पाय चाचपत त्या खाली उतरल्या, पोराच्या बाजूनं पुढं गेल्या आणि विशाखाच्या ओल्या, कुंकवानं लाल झालेल्या हातात चावी ठेवली.

विशाखा हसली नाही, की सासूच्या पाया पडली नाही. तिनं मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं बॉनेट धाडकन पाडलं.

तीर्थ घ्यायला धरावा तसा इंद्रजीतचा हात अजून पुढंच होता.