परत घेतलेलं तू

तू

ओबरलिंडा या जर्मन खेड्यातल्या बंबखान्यात, म्हणजे गावकऱ्यांच्याच आग विझवणाऱ्या दलात, नव्या माणसासाठी विधी एकच. प्रमुखाच्या कोपरात कोपर अडकवून बियरचा घोट घ्यायचा, की मग जन्मभर एकमेकांना अरे-तुरे. कौलं शाकारणाऱ्या फोल्कमार त्रीबेलनं तो घोट विशीत घेतला, ओर्ट्रुनबरोबर. ती नुकतीच दलाची प्रमुख झाली होती.

"आता मला तू म्हणायचं," ती म्हणाली. "शिडीवरून 'ओर्ट्रुनबाई, जरा बघता का' करत बसलास तर भाजून निघशील."

दिलेलं तू कुणी परत घेत नाही. लग्नातला आहेर परत मागावा, तसं ते.

आपण

शाळा बंद झाली. मग बस. मग बँकेची शाखा.

गावच्या बैठकीत फोल्कमार उठून म्हणाला, "आपल्याला विचारलं का कुणी?" टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कौलं नीट बसली तर लोक वर बघतसुद्धा नाहीत.

पुढच्याच आठवड्यात एका पक्षाची माणसं आली. चांगले कोट, गोड बोलणं. मग जिल्हा परिषद. मग आमदारकी, थेट राज्याच्या राजधानीत, ड्रेस्डेनला.

ते

नुसत्या 'आपण'वर सभा तापत नाही, समोर 'ते' लागतात. हे पक्षानं शिकवलं.

ओबरलिंडात 'ते' शोधावे लागले. सापडली रोजिन. सीरियाहून आलेली, वृद्धाश्रमात परिचारिका, आणि नुकतीच बंबावर भरती झालेली.

जत्रेच्या मंडपात फोल्कमारनं माईक घेतला. "जिचं बोलणं आपल्याला धड कळत नाही, तिच्या हाती आपल्या घराची शिडी?"

मंडप हसला. रोजिन बटाट्याचं सॅलड वाढत होती. वाढत राहिली.

तुम्ही

पुढच्या सरावाला ओर्ट्रुन म्हणाली, "त्रीबेलसाहेब, तुम्ही नळी खाली ठेवा."

कुणाच्या तरी हातून पाना पडला.

"काय गं, नाटकं करतेस?"

"तुमची-माझी तेवढी ओळख नाही."

तो हसला. ड्रेस्डेनमध्ये त्यानं हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. तिथं सगळेच त्याला तुम्ही म्हणत, त्यामुळे विनोद कुणाला कळला नाही. बंबखान्याकडं जाणं मात्र त्यानं सोडलं. जाताना वाटेत लागला, तर पलीकडच्या फुटपाथवरून जायचा.

पुन्हा निवडणूक आली. पक्ष म्हणाला, यादीत पहिलं नाव तुमचं. फक्त जिल्हा परिषदेत एक ठराव आणा: बंबावर परदेशी नागरिक नकोत.

ठरावाच्या आदल्या दिवशी तो ओर्ट्रुनच्या दारात उभा राहिला.

"आणा की ठराव," ती म्हणाली. "दिवसा गावात असतं कोण? सगळे कामाला बाहेर. उरतो आम्ही: मी, रोजिन आणि गुडघे गेलेला लोटार. ती गेली की बंबाला कुलूप. मग भाषणात शाळा, बस, बँक आणि बंब म्हणा. टाळ्या वाढतील."

"ओर्ट्रुन, आधी मला तू म्हण. मग बोलू."

"तेही ठरावात घाला."

मी

"अध्यक्षमहोदय, आपण सगळे जाणतो, की आपल्या गावांचं..."

"की हे लोक आपल्या..."

"की आम्ही..."

तो पाणी प्यायला. तीन कुलपं दुसऱ्यांनी लावली, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. चौथ्याची किल्ली हातातल्या कागदावर होती, आणि खाली सही त्याची.

"मी," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. "मी मंडपात रोजिनबद्दल बोललो, ते तिला लागावं म्हणूनच बोललो. ठराव मागे घेतो. पक्षही सोडतो."

"डोकं फिरलंय का तुमचं?" शेजारून सरचिटणीस फुसफुसला.

टाळ्या एकाही बाजूनं पडल्या नाहीत.

. . .

इतकी वर्षं गैरहजर राहिलेल्याला बंबावर थेट चढता येत नाही. नवशिक्यांत बसावं लागतं. शिकवायला रोजिन.

"मला माफी..." फोल्कमारनं सुरुवात केली.

"इथं नको. इथं कोण ऐकतंय? मंडपात, माईकवर. हसलेले सगळे तिथं असतात." तिनं नळीचं टोक त्याच्या पायाशी टाकलं. "गुंडाळता येते?"

"तू शाळेत होतीस, तेव्हापासून गुंडाळतोय."

"दाखव मग. तोंडानं नाही, हातानं."

त्यानं गुंडाळली. मधेच पीळ पडला. नवशिक्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. तो पीळ सोडवून पुन्हा पहिल्यापासून लागला.

ओर्ट्रुन दारात टेकून बघत होती. तो तिच्याकडं गेला.

"यंदा जत्रेत मला माईक मिळेल?"

"माईक शेवटी असतो, त्रीबेलसाहेब. आधी मंडप ठोकायचा असतो. शनिवारी सकाळी या. हातोडा तुमचा तुम्ही आणा, आमच्याकडं कमी आहेत."

घरी येऊन त्यानं तळघरातला दिवा लावला. कौलांच्या कामाची जुनी पेटी खोक्यांमागं होती. हातोड्याचा दांडा सैल झाला होता. त्यानं लाकडाची बारीक पाचर तासली, दांड्यात ठोकली, आणि लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून हातोडा रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवला.