ओल्या खडूची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. बोईसरच्या एका नाक्यावर, पानटपरीशेजारी, दोन लोखंडी खांबांवर उभा. १९७९ साली विश्राम सुताराने कारखान्यात आलेल्या यंत्राचं खोकं मोडून मला घडवलं. जुन्या सेलमधली काळी भुकटी कोळशात खलून रंग दिला.

माझ्यावर लिहायचे ते कारखान्यात पाळीवर काम करणारे नागोराव. पाणी किती वाजता येणार, जवळच्या दांडी गावच्या कुठल्या होड्या वादळातून परतल्या, दहावीचा निकाल काय लागला, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. लोक म्हणत, "फळ्यावर आलंय ना, मग खरंच असणार." तेव्हा मला अभिमान वाटे. आता त्याच वाक्याची चीड येते.

माझ्या समोर, रस्त्यापलीकडे, लेडीज बार. मधलं अंतर तेवीस पावलं. नाक्यावरचे लोक तिथल्या बायकांबद्दल काय काय बोलत. मला दिसायचं ते एवढंच, की सकाळी त्या ग्लास धूत, झाडलोट करत, हातगाडीवरची भाजी घासाघीस करून घेत. त्यांतली नवसी डोंगरातल्या पाड्यावरची. घरी तिनं सांगितलं होतं, औषधांच्या कंपनीत गोळ्या भरते.

१९९६ च्या जूनमध्ये आमच्या सरपंच मैनाबाईंना तिनं माझ्या आडोशाला गाठलं. रहिवासी दाखल्याशिवाय तिच्या चिमीला शाळेत घेत नव्हते.

"हापिसात ये, अर्जावर अंगठा दे," मैनाबाई म्हणाल्या.

"नाय ताई. तितं मानसा हसतात. बारवाली आली बोलतात."

"बरं. मग मीच येते अर्ज घेऊन."

"तुमाला नावं ठेवतील."

"निवडून आले तेव्हापासून ठेवतायत. तू अंगठा धुऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मैनाबाई रस्ता ओलांडून बारमध्ये गेल्या आणि दहा मिनिटांत हातात कागद घेऊन बाहेर आल्या. नागोरावांनी टपरीवरून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ओळ पुसून पुन्हा लिहायचा. पण त्या दिवशी तेवीस पावलं चालून विचारावं, हे त्याला सुचलं नाही. मोठ्या बातमीला तो खडू पाण्यात बुडवायचा, अक्षर उठून दिसावं म्हणून. तसाच बुडवून त्यानं माझ्या छातीवर लिहिलं : सरपंचबाई लेडीज बारमध्ये. कशासाठी?

"हातात पाकीट होतं," टपरीवाला आनंदा म्हणाला.

"कागद होता रे," कोणीतरी बोललं.

"पाकीट काय लोखंडाचं असतं? कागदाचंच ना."

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत त्या कागदाची पिशवी झाली होती. मला सगळं ठाऊक होतं, पण फळ्याला तोंड नसतं.

अविश्वास ठराव आला. सभेच्या सकाळी नवसी धावत आली. "ताई, मी सांगते सगळ्यांना."

"सांगशील, आणि पाड्यावर कळेल. सासरा पोरीला घेऊन जाईल असं तूच म्हणालीस ना? गप्प राहा. दाखल्यावर सही केलीय मी. हा घे, आधी शाळेत दे."

सभेत विचारलं, कुणाकडे गेला होतात? त्या म्हणाल्या, "कामाला गेले होते. नाव सांगणार नाही." सात विरुद्ध दोन. मैनाबाई पायउतार झाल्या. निकाल नागोरावांनी माझ्यावरच लिहिला.

पुढे नाक्यावर छापील बातमीपत्रं येऊ लागली, नागोराव निवृत्त होऊन गावी गेले. माझ्यावर जाहिराती चिकटल्या, पावसात गळून पडल्या. खाली ती ओळ तशीच. ओल्या खडूचा डाग रंगात मुरतो; फडक्यानं काय, पावसानंही जात नाही.

दोन वर्षांनी नवसी चिमीचा हात धरून जात होती. चिमी थांबली. नवं नवं वाचायला येत होतं, दिसेल ते वाचायची. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं माझी ओळ वाचली. मग वळून विचारलं, "आये, कशासाठी गं?"

नवसीनं समोरच्या दाराकडे पाहिलं. पदर थुंकीनं ओला करून ती माझी छाती घासू लागली.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली.

डाग गेला नाही. मित्रांनो, मला नवा रंग द्या किंवा देऊ नका. पण हातात खडू घ्याल, तेव्हा आधी रस्ता ओलांडून या. तेवीसच पावलं आहेत.