नुसतं एंटर मला चालत नाही

मी एक जुना प्रश्न आहे. हसू नका मित्रांनो, प्रश्नालाही आयुष्य असतं. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात, मागांना नक्षी पुरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मी राहतो. कॉम्प्युटरात जागा उरली नाही की जुन्या नक्ष्या पुसणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवतात. प्रत्येक नक्षी पुसण्याआधी ती थांबते आणि मी पुढे येतो.

जन्मलो तेव्हा मी भलताच मवाळ होतो. 'पुसू का?' एवढंच विचारायचो आणि नुसतं एंटर दाबलं तरी 'हो' धरायचो. मग ती स्क्रिप्ट चालवणाऱ्या दुधनीच्या गुरूने काय करावं? सुताची भरलेली कांडी एंटरवर ठेवून गडी चहाला जायचा! एका शनिवारी त्याच्या एका चहात बेचाळीस नक्ष्या गेल्या. त्याची लाज मला अजून वाटते.

मला लिहिणाऱ्या वैजयंतीताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांनी मला नव्याने घडवलं. तेव्हापासून मी बजावतो, 'पुसायची तर नक्षीचं पूर्ण नाव लिहा. ठेवायची तर ठेवा असं लिहा.' नुसतं एंटर आलं की मी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. गुरूने कांडी ठेवून पाहिलीच. चहा पिऊन आला, तर पडदाभर मीच!

"ताई, लई किरकिरं झालंय की हे," तो म्हणाला.

"होऊ दे," ताई म्हणाल्या.

परवा नवे मॅनेजर राजशेखर आले आणि त्यांना माझा जाच सोसेना. "हा प्रश्न काढा. सगळं एकदम पुसून टाका," त्यांनी फर्मावलं. नेमकी तेव्हा समोर शिवलिंगप्पांची 'मोरबन' नक्षी होती, पूर्ण नाव 'मोरबन शिवलिंगप्पा'. तिचे कागद वाळवीने कधीच खाल्ले होते, ती उरली होती फक्त इथे. मी गेलो असतो तर तीही गेली असती. पण मी जागचा हललो नाही.

"काढते साहेब," ताई म्हणाल्या. "आधी या एकाचं उत्तर तुम्ही द्या."

साहेब तोऱ्यात बसले. 'मोरबन' लिहिलं. 'शिवलिंगप्पा' लिहिलं आणि बोट एंटरपाशी थांबलं.

"हे शिवलिंगप्पा कोण?"

"आपले जुने नक्षीवाले," गुरू म्हणाला. "दर सोमवारी येत्यात की गेटावर. मोरबन मागावर कधी चढवताय, इचारायला."

साहेबांनी बोट एंटरपासून बाजूला घेतलं. मग एकेक अक्षर मागे घेत त्यांनी नाव खोडलं आणि लिहिलं, 'ठेवा'.

मित्रांनो, मला किरकिरा म्हणा, हट्टी म्हणा, मला फिकीर नाही. काढायचं असेल तर खुशाल काढा. पण आधी माझ्यासमोर बसा, मला नीट वाचा आणि जे घालवायला निघालात त्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहून दाखवा.