कोनाड्यातला कप

"आई, उठलीस का पुन्हा खुर्चीतून?" सहादूने आतूनच विचारलं. बाहेर येऊन बघतो तर व्हरांड्यातली वेताची खुर्ची रिकामी.

देवळालीचा हा जुना बंगला मुंबईची मंडळी सुटीत भाड्याने घेत. त्यांची झाडलोट, धुणीभांडी करण्यात झुंबरबाईची उभी हयात गेली आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे काम सुटलं. सातपूरच्या कारखान्यात लागल्यापासून सहादूच्या मनात एकच होतं, आईने एकदा तरी या खुर्चीत बसून आयता चहा प्यावा. म्हणून त्याने दोन दिवसांसाठी बंगला घेतला. पण बाई बसेल तर शपथ. काल आल्या आल्या तिने खिडक्या पुसल्या, मग मोरी घासायला घेतली. सुनेने हातातून खराटा काढून घेतला, तेव्हा नाइलाजाने टेकली.

सहादू मागच्या दारी गेला. झुंबरबाई पायरीवर बसून चहा पीत होती. हातात कान तुटलेला कप. भिंतीतल्या कोनाड्यात कामवालीसाठी वेगळा ठेवलेला, घरातल्या कपबश्यांना कधीही न लागणारा.

"आई, हा कप?"

झुंबरबाईने हाताकडे पाहिलं. स्टोव्हवरचं पातेलं उचलून ती सवयीने सरळ इकडे आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात गेला रे. ध्यानातच नाय आलं."

"यासाठी आणलं का तुला इथं?" सहादू म्हणाला. आत जाऊन तो फुलाफुलांची कपबशी घेऊन आला. "यात पी. फेक तो तिकडं."

तेवढ्यात चिमणाबाई आली. झुंबरबाईच्या जागी आता ही कामाला होती. तिने कोनाड्यात हात घातला, तो रिकामा लागला. मग पाहुणीच्या हाताकडे लक्ष गेलं तशी ती गोंधळली.

"मावशी, तो माझा कप हाय," ती हळूच म्हणाली.

हा कप फेकला तर उद्या इथे दुसरा येणार, हे झुंबरबाईला ठाऊक होतं. आपल्या माघारी एवढं तरी बदललं असेल, असं तिला उगाच वाटत आलं होतं. आता तिला फार थकवा आला. तिने सहादूच्या हातातली कपबशी घेतली, चहा ओतला आणि चिमणाबाईपुढे धरला.

"नको मावशी. मालकिणीला कळलं तर काम जाईल माझं."

"दोन दिस बंगला आमचा हाय. कोणी कशात प्यायचं ते मी सांगते. बस."

"मग तुमी?"

"मला हाय की माझा."

चिमणाबाई अवघडून पायरीवर टेकली. चहा संपल्यावर तिने ती कपबशी नळाखाली धुतली, मग राखेने घासून पुन्हा धुतली. झुंबरबाई बघत होती. एकदा बंगला रिकामा असताना तिनेही चोरून फुलांच्या कपात चहा घेतला होता आणि कप असाच दोनदा घासून ठेवला होता.

आपला कप विसळून झुंबरबाईने कोनाड्यात पालथा घातला आणि सहादूच्या खांद्याला धरून उठली.

"चल, बसव मला त्या खुर्चीत. लय दमले."