एकोणिसावी जुळणी

राइलीनं लाकडी पट्टी कागदावर ठेवली आणि पेन्सिलीनं एकेका अक्षरावर टिंब द्यायला सुरुवात केली. वरच्या ओळीत तिच्या लॅपटॉपनं काढलेली चौसष्ट अक्षरं, खालच्या ओळीत इल्पोनं ओउलूहून पाठवलेली चौसष्ट. खरं तर ताडून पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिलंच अक्षर वेगळं होतं, दुसरंही. पण राइलीची सत्तावीस वर्षं नकाशांच्या कचेरीत गेली होती. कागदावर पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे.

इल्पोच्या मेलमध्ये त्या अक्षरांखाली दोनच शब्द होते. "जुळत नाही."

गेल्या नऊ वर्षांत त्यानं अठरा वेळा मेल पाठवली होती आणि अठराही वेळा तिच्यात एकच शब्द होता, "जुळलं." घटस्फोटानंतर या नवराबायकोत उरलेला पत्रव्यवहार तो एवढाच. दक्षिण किनाऱ्यावरचं तिचं तुर्कू आणि उत्तरेतलं त्याचं ओउलू यांच्यात साडेसहाशे किलोमीटर अंतर आहे, आणि दोघांनी ते नऊ वर्षं इमानेइतबारे राखलं होतं.

मधे दुवा होता तो 'अयोपू'चा. पाण्यात पडलेला माणूस वाऱ्यानं आणि प्रवाहानं वाहत कुठे गेला असेल, याचं गणित करणारा हा प्रोग्रॅम दोघांनी मिळून लिहिला होता आणि बेटांवरच्या स्वयंसेवकांच्या बचाव-नौका तो वापरत. कोड सगळ्यांना खुला, कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. पण नौकेवर जाते ती त्या कोडपासून कुणाच्या तरी मशीनवर कम्पाइल झालेली फाइल. त्या माणसानं तिच्यात गुपचूप काही घुसडलं, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून यांचा नियम असा की दोघांनी आपापल्या गावी, आपापल्या मशीनवर एकाच कोडपासून फाइल तयार करायची आणि तिचा हॅश, म्हणजे ही चौसष्ट अक्षरं, एकमेकांना पाठवायची. फाइलीत एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी हॅश पार बदलतो. जुळला तर फाइल सर्व्हरवर चढवायची, नाही तर नाही.

फोन वाजला. बेनिटा ऊमान, बेटांवरच्या अकरा नौका जिच्या हाताखाली होत्या ती.

"अगं, कुठे आहे तुझी नवी आवृत्ती? मी सकाळपासून धक्क्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेय."

"हॅश जुळत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे आज मिळेल की नाही सांगता येत नाही."

"राइलीबाई, परवा वाप्पुचा सण! अर्धं तुर्कू पिऊन बोटी पाण्यात ढकलणार, आणि त्यातले निम्मे बोटीतून बाहेर पडणार. मी काय जुन्या आवृत्तीवर शोधू त्यांना? ऑक्टोबरचं आठवतं ना?"

राइलीला आठवत होतं. तरंगता सूट घातलेल्या माणसाच्या बाबतीत जुनी आवृत्ती वारा जरा जास्तच धरत होती. ऑक्टोबरमध्ये पाण्यात पडलेल्या एका गळ टाकणाऱ्याला त्या गणितापायी दोन किलोमीटर पुढे शोधत बसले होते. एका मालवाहू बोटीला तो वाटेत दिसला म्हणून वाचला. ती चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त झाली होती.

"उद्या दुपारपर्यंत देते," राइली म्हणाली. "इल्पोनं काहीतरी घोळ घातलाय, तो निस्तरते आधी."

"घाल शिव्या त्याला माझ्याही वाटच्या," बेनिटा म्हणाली आणि फोन ठेवला.

चूक इल्पोची, याबद्दल राइलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिनं त्याला लिहिलं, "तुझी फाइल पाठव." चार मिनिटांत फाइल आली. दोन्ही फाइली आतून ताडून पाहणारा प्रोग्रॅम तिनं सुरू केला आणि कॉफी ठेवायला उठली.

लोकांचे संसार दारूपायी मोडतात, दुसऱ्या बाईपायी मोडतात. यांचा मोडला तो बिल्डच्या, म्हणजे कोडपासून फाइल बनवण्याच्या, पद्धतीपायी, असं त्यांचे मित्र हसून सांगत. ते काही पूर्ण खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं. अयोपू कम्पाइल करण्याआधी मशीनला दोनशे प्रश्न विचारणारी चार हजार ओळींची एक जुनी स्क्रिप्ट इल्पोनं हातानं लिहिली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. राइलीनं ती काढून नव्या पद्धतीनं सगळं नव्वद ओळींत बसवलं. "कुठलंही मशीन, कुठलाही फोल्डर, निकाल एकच," असं तिनं सामन माशाच्या सारात चमचा बुडवता बुडवता जाहीर केलं. इल्पो म्हणाला, "नाही येणार. फोल्डर बदललास की बदलेल." ती म्हणाली, "तुला फक्त बरोबर असायचंय." तो म्हणाला, "यात मी बरोबर आहे." मग दोघंही गप्प झाले. त्या घरात गप्प बसणं दोघांनाही उत्तम जमत असल्यानं ते दीड वर्ष टिकलं आणि मग इल्पो उत्तरेला निघून गेला.

त्यानंतरच्या पहिल्याच आवृत्तीला राइलीनं आपला हॅश पाठवताना खाली लिहिलं होतं, "बघ." दोन दिवसांनी उत्तर आलं, "जुळलं." ती मेल तिनं जपून ठेवली होती. पुढे तिच्या त्या नव्वद ओळींवर तिनं ताम्पेरेला भाषण दिलं, डझनभर प्रकल्पांनी त्या उचलल्या. रॉटरडॅमच्या एका गृहस्थानं तीनदा लिहिलं की माझ्याकडे हॅश जुळत नाही. तिसऱ्यांदा तिनं त्याला उत्तर दिलं की मग तुमच्याच मशीनचं काहीतरी बिघडलंय.

कॉफीचा कप घेऊन ती टेबलाशी आली तेव्हा निकाल लागला होता. दोन फाइलींत फरक एकच होता, एक्केचाळीस ठिकाणी आलेला. प्रोग्रॅम कुठे अडला तर कोडच्या कुठल्या फाइलीत अडला हे सांगता यावं, म्हणून कम्पाइलर त्या फाइलीचा अख्खा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात लिहून ठेवतो. फरक त्या पत्त्यात होता.

डावीकडे तिची फाइल: होम/सुंडक्विस्ट/अयोपू.

उजवीकडे इल्पोची: होम/राइली/अयोपू.

तिला प्रथम वाटलं, यानं वेंधळेपणानं माझीच जुनी फाइल मला परत पाठवली. जुन्या लॅपटॉपवर तिच्या खात्याचं, आणि म्हणून फोल्डराचंही, नाव राइलीच होतं. मार्चमध्ये त्याची डिस्क गेली आणि नव्यावर तिनं खात्याला आपलं माहेरचं आडनाव दिलं. तिनं उजवीकडची फाइल उघडून तपासली. तरंगत्या सूटची दुरुस्ती तिच्यात होती. फाइल काल संध्याकाळची होती, ओउलूची होती.

तिनं कप खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचा नंबर लावला.

"इल्पो."

"हं."

"तू माझ्या नावाच्या फोल्डरात बिल्ड करतोस?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मशीन बदललंस का तू?" त्यानं विचारलं.

"मार्चमध्ये."

"तरीच."

"तरीच काय? मी काय विचारतेय?"

"हो. तुझ्याच नावाच्या."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पहिल्या खेपेला जुळेना. आत बघितलं तर पत्ता तेवढा वेगळा. मग राइली नावाचं खातं काढलं, त्यात बिल्ड केलं."

"आणि मला लिहिलंस, जुळलं."

"जुळलंच होतं की. नंतर."

राइलीला हसूही येईना आणि रागावताही येईना.

"आपलं ते जुनं मशीन आहे अजून?"

"ते कधीच भंगारात गेलं. त्यानंतरचंही गेलं. हे तिसरं."

राइली खुर्चीत मागे टेकली. तिसरं. म्हणजे प्रत्येक नवं मशीन घरी आणल्यावर या माणसानं खोकं उघडलं, खात्याच्या रकान्यात तिचं नाव टाइप केलं, आणि वर्षातून दोनदा त्या नावानं आत जाऊन बसला. दर वेळी तिकडून आलेला तो एक शब्द ती शरणचिठ्ठीसारखा वाचत आली होती.

"का पण?" तिनं विचारलं.

"नौका थांबल्या असत्या." मग तो म्हणाला, "आणि तुला सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग."

राइलीनं उजवीकडची फाइल मिटली.

"हे बघ," इल्पो म्हणाला, "अवघड काही नाही. नव्या मशीनवर राइली नावाचं खातं काढ आणि त्यात बिल्ड कर. वीस मिनिटांत जुळेल. कुणाला काही कळायचं नाही."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याचं म्हणणं खरं होतं. तिनं नव्या खात्याची खिडकी उघडली आणि रकान्यात 'राइली' लिहिलं. बटण दाबायचंच बाकी होतं. नव्वद ओळी शाबूत राहिल्या असत्या, ताम्पेरेचं भाषण शाबूत राहिलं असतं, बेनिटाला जेवायच्या आत फाइल मिळाली असती. आणि इल्पो पुढेही वर्षातून दोनदा तिच्या नावानं आत जाऊन तिची अब्रू राखत बसला असता.

बेनिटाचा संदेश आला, "जेवू का आधी?"

"जेव," असं कळवून राइलीनं खिडकी बंद केली.

दुरुस्ती एका ओळीची होती. फाइलीच्या पत्त्याचा पुढचा भाग गाळून टाक, असं कम्पाइलरला सांगितलं की झालं. ओळ लिहायला तिला दोन मिनिटं लागली. त्या ओळीसोबत बदलाची नोंद लिहावी लागते, ती कायमची राहते आणि जगात कुणालाही वाचता येते. त्या नोंदीला पाऊण तास लागला. आधी तिनं लिहिलं, "पत्त्याचा पुढचा भाग गाळला." यात खोटं काही नव्हतं. ती वाचत बसली आणि तिला स्वतःचाच वीट आला. ते खोडून तिनं पुन्हा लिहिलं:

"बिल्ड कुठल्या फोल्डरात होतो त्यावर निकाल अवलंबून होता. तो नसतो, असं मी नऊ वर्षं सांगत आले. असतो, हे इल्पोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ज्यांचे हॅश जुळत नव्हते त्यांची काहीच चूक नव्हती. माझी होती."

खाली पूर्ण नाव घालून तिनं नोंद पाठवून दिली. रॉटरडॅमच्या गृहस्थाला वेगळी मेल लिहिली आणि माफी मागितली. लाज तर वाटत होतीच, पण गंमत म्हणजे सपाटून भूकही लागली. उभ्या उभ्या तिनं राय धान्याच्या काळ्या पावाचे दोन तुकडे लोण्याशी खाल्ले आणि मग तीन वेगवेगळ्या फोल्डरांत, वाटेल ती नावं देऊन, अयोपू तीनदा बिल्ड केला. तिन्ही वेळा तीच चौसष्ट अक्षरं आली. ती तिनं इल्पोला पाठवली.

तासाभरानं उत्तर आलं. त्याची चौसष्ट अक्षरं, आणि खाली, "जुळलं. माझ्या स्वतःच्या फोल्डरातून."

ती अक्षरंही तिनं छापून काढली, पट्टी लावून ताडून पाहिली आणि फाइल सर्व्हरवर चढवली. तीनच्या सुमारास बेनिटाचा फोन आला.

"आली बाई, आली. चार नौकांवर घातलीसुद्धा. एवढं काय अडलं होतं गं? काय केलं होतं इल्पोनं?"

"त्यानं काही नव्हतं केलं. चूक माझी होती."

"काय सांगतेस! हे लिहून देशील?"

"दिलंय लिहून. वाच जाऊन."

फोन ठेवून ती लॅपटॉप मिटायला गेली, तर इल्पोची आणखी एक मेल येऊन पडली होती. एका आवृत्तीला दोन मेल त्यानं कधी पाठवल्या नव्हत्या.

"नोंद वाचली. एवढं लिहायची गरज नव्हती. आता कुठूनही जुळतंय, तेव्हा तुझ्या नावाच्या खात्याचं इथे काही काम उरलं नाही. काढून टाकू?"

राइलीनं लिहिलं, "मशीन तुझं आहे." ते खोडलं. "हरकत नाही," असं लिहिलं, तेही खोडलं. खिडकीबाहेर समोरच्या अंगणात कुणीतरी बोटीवरची ताडपत्री ओढून काढत होतं, ती पूर्ण निघेपर्यंत ती पाहत राहिली. मग तिनं लिहिलं, "राहू दे ना. त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

पाठवलं, आणि लगेच छातीत धडधडायला लागलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, असं तिला वाटलं.

मिनिटभरात उत्तर आलं.

"काढणार नव्हतोच. विचारून बघितलं."